घरच्या राउटरला पाय-होल जोडायचंय? डबा सोपा आहे, राउटर नाही

स्मार्ट टीव्हीवर ॲडब्लॉकर टाकता येत नाही, सगळी कटकट इथूनच सुरू होते. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकलं की तिथलं काम झालं, पण टीव्ही चालू केल्या केल्या होम स्क्रीनवर जी भलीमोठी जाहिरात समोर येते, फोनवरच्या फुकट ॲपमध्ये खाली जी पट्टी नाचत असते, पोरांच्या गेममध्ये मधेच जो व्हिडिओ घुसतो, तिथे ब्राउझरचं काही चालत नाही. मग माणूस शोधत शोधत पाय-होल नावाच्या सॉफ्टवेअरपर्यंत येतो. एक छोटा कॉम्प्युटर घ्यायचा (हाच आपला डबा), त्यात ते टाकायचं, राउटरला जोडायचा आणि घरातल्या सगळ्या उपकरणांच्या जाहिराती एकाच ठिकाणी अडवायच्या, अशी ती आयडिया.

आयडिया चांगलीच आहे, पण यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ डबा कसा बनवायचा ते अर्धा तास दाखवतात आणि राउटरची सेटिंग दोन मिनिटांत उरकतात. प्रत्यक्षात उलटं आहे. डबा कोणीही बनवेल, पण घरातले फोन त्या डब्याला विचारायला तयार होतात की नाही हे राउटर ठरवतो, आणि लोक कंटाळून सोडून देतात ते तिथेच. म्हणून मी राउटरवर जास्त लिहिणार आहे.

आधी डीएनएस, कारण ते नीट कळलं की पुढची प्रत्येक सेटिंग का करायची ते आपोआप कळतं. इंटरनेटवर कॉम्प्युटर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. तुम्ही साइटचं नाव टाकता, फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो की या नावाचा आकडा काय, उत्तर आलं की मग त्या आकड्याकडे जातो. आपल्याकडे वाड्यावर प्रत्येक घराला नंबर असतो पण तो कोणाच्या लक्षात नसतो, कुरियरवाला येतो तो सरळ तिठ्यावरच्या दुकानात विचारतो की अमक्याचं घर कुठे, आणि दुकानदार हात करून सांगतो. डीएनएस म्हणजे तो दुकानदार. आता समजा त्याने ठरवलं की काही ठरावीक नावं कोणी विचारली तर सांगायचं, असं इथे कोणी राहत नाही बाबा. घर तिथेच आहे, रस्ताही तिथेच आहे, पण पत्ता मिळाला नाही म्हणून कुरियरवाला परत गेला. पाय-होल एवढंच करतं, याच्यापेक्षा जास्त काहीही नाही.

म्हणजे बघा, तुम्ही मराठी पेपरची साइट उघडता. बातमी पेपरच्या सर्व्हरवरून येते, पण जाहिराती त्या सर्व्हरवर नसतातच, त्या येतात डबलक्लिक डॉट नेटसारख्या दुसऱ्याच ठिकाणांवरून (ही गूगलचीच, २००८ मध्ये विकत घेतलेली कंपनी). शिवाय तुम्ही काय वाचता ते मोजणारे वेगळे, फॉन्ट वेगळीकडून, फोटो वेगळीकडून. एक पान उघडलं की फोन एवढ्या सगळ्या नावांचे पत्ते विचारत सुटतो. पाय-होलकडे हजारो नावांची यादी असते, त्यातलं नाव आलं की उत्तर देतं ०.०.०.०, म्हणजे कुठेच नाही. जाहिरात डाउनलोडच होत नाही. यादीत नसलेलं नाव असेल तर ते पुढच्या खऱ्या डीएनएसला विचारून उत्तर आणून देतं.

यातून एक मोठा गैरसमजही जातो. बऱ्याच जणांना वाटतं की घरातलं सगळं नेट त्या डब्यातून जाणार, मग एवढासा डबा स्पीड मारणार. तसं नाही. डब्यातून फक्त पत्ते विचारले जातात. पत्ता कळल्यावर व्हिडिओ, फोटो, व्हॉट्सॲप कॉल सगळं राउटरवरून सरळ जातं, डब्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तर हे काम हाताच्या पंज्यापेक्षा लहान बोर्डावर आरामात होतं, आणि म्हणूनच त्याला तुमचे मेसेज वगैरे काही वाचता येत नाही.

यादीची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. डीएनएस यायच्या आधी, आर्पानेटच्या (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकन नेटवर्क) काळात, जगातल्या सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच टेक्स्ट फाइलमध्ये असायचे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधली माणसं ती सांभाळायची आणि बाकीचे तिथून कॉपी करून घ्यायचे. ती फाइल आवरेनाशी झाली म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने डीएनएस काढलं. ती होस्ट्स फाइल अजून तुमच्या विंडोजमध्येही आहे, आणि पाय-होलच्या बऱ्याचशा याद्या आजही त्याच साच्यात येतात: एका ओळीत एक आकडा, एक नाव. पाय-होल स्वतः २०१४ चं, जेकब सालमेला नावाच्या माणसाने ॲडट्रॅप नावाच्या विकतच्या डब्याला फुकट पर्याय म्हणून सुरू केलेलं. अजूनही ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, देणग्यांवर चालतं.

डबा कुठला घ्यायचा? रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावरचे छोटे कॉम्प्युटर, पुढे मी नुसतं पाय म्हणेन. त्यातला पाय झिरो २ डब्ल्यू सगळ्यांना आवडतो कारण स्वस्त आहे, २०२१ मध्ये १५ डॉलरला आलेला, आपल्या हातात पडेपर्यंत अर्थातच जास्त होतात. ५१२ एमबी रॅम आहे, या कामाला ती पुरून उरते. पण त्याला लॅन केबलचं भोक नाही, वायफायवर चालवावा लागतो, आणि इथे मी जरा अडून बसणार आहे. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाड, एका खोलीतला वायफाय दुसऱ्या खोलीत जाताना धापा टाकतो. ज्याला घरातला प्रत्येक फोन सतत पत्ते विचारणार तो डबा डळमळीत वायफायवर ठेवायचा म्हणजे रोजची कटकट. राउटरच्या शेजारीच ठेवत असाल तर ठीक, चालतं. नाहीतर यूएसबीवरून लॅनचा ॲडाप्टर लावा किंवा सरळ लॅन पोर्ट असलेला पाय ३ किंवा पाय ४ घ्या, सेकंडहँड मिळाला तरी हरकत नाही. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स टाकूनही हे चालतं, पण तो वीज खातो. पाय झिरो दोनेक वॉट धरला तर महिन्याला साधारण दीड युनिट, बिलात दिसणारसुद्धा नाही.

आणि चार्जर चांगला घ्या. राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतो त्यातून पायला करंट द्यायचा मोह होतो, पण तो पोर्ट बऱ्याचदा पुरेसा करंट देत नाही, पाय मधेच रिस्टार्ट होतो आणि लिहिता लिहिता बंद पडला की मेमरी कार्ड खराब होतं. ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा (पाय ४ असेल तर तीन अँपिअरचा) ॲडाप्टर लावा म्हणजे भानगड नाही.

बसवायचं काम आता खरंच सोपं झालंय. रास्पबेरी पाय इमेजर नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्यायचं, त्यात पाय ओएस लाइट निवडायचं, युजरनेम पासवर्ड तिथेच भरून ठेवायचे, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायला कमांड द्यायची सोय) चालू करायचं, कार्डावर लिहायचं, कार्ड पायमध्ये घालून चालू करायचं. मग लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरून पाय-होलच्या साइटवर दिलेली एक ओळीची कमांड चालवायची. ती दोनचार प्रश्न विचारते. त्यातला महत्त्वाचा म्हणजे पुढचा डीएनएस कुठला, तिथे क्लाउडफ्लेअर (१.१.१.१), गूगल (८.८.८.८), क्वाड९ (९.९.९.९) वगैरे यादी येते, कुठलाही घ्या, मी क्वाड९ वापरतो कारण तो व्हायरस पसरवणाऱ्या साइट स्वतःच अडवतो. शेवटी ती डॅशबोर्डचा, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पाय-होलच्या पानाचा, पासवर्ड दाखवते तो लिहून ठेवायचा. झालं. (हे आकडे मी मराठीत लिहितोय, राउटरच्या पानावर टाकताना इंग्रजी आकडेच टाका.)

आता राउटर.

पहिली गोष्ट, डब्याचा पत्ता कायमचा एक पाहिजे. घरातल्या सगळ्या उपकरणांना आकडे वाटायचं काम राउटर करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात, आणि तो आकडे उसने देतो, आज १९२.१६८.१.५ असेल तर महिन्याने १९२.१६८.१.९ असू शकतो. पायचा आकडा बदलला तर घरातले सगळे फोन जुन्या आकड्याकडे विचारत बसणार आणि तिथे कोणीच नसणार. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज असं काहीतरी असतं, तिथे पायचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या भागाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून त्याच्यासाठी एक आकडा राखून ठेवायचा. इथे एक बारीक खाच आहे: पायच्या वायफायचा मॅक वेगळा आणि लॅन केबलचा मॅक वेगळा. सेटअप करताना वायफायवर केलं, रिझर्व्हेशनही त्याच मॅकवर केलं, आणि नंतर केबल लावली, तर राउटरच्या दृष्टीने तो नवीनच पाहुणा, त्याला भलताच आकडा मिळतो. आधी केबल, मग रिझर्व्हेशन.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ काम. डीएचसीपी फोनला आकडा देतो तेव्हा सोबत हेही सांगतो की पत्ते कोणाला विचारायचे. तेच आपल्याला बदलायचंय. राउटरच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं) लॉगिन करून लॅन किंवा डीएचसीपी सर्व्हर नावाचा भाग उघडा. तिथे साधारण असं दिसतं: स्टार्ट आयपी, एंड आयपी, लीज टाइम, आणि त्याखाली प्रायमरी डीएनएस आणि सेकंडरी डीएनएस. प्रायमरीत पायचा आकडा टाकायचा.

सेकंडरीत काय? इथे शंभरातले नव्वद जण ८.८.८.८ टाकतात, असू दे आपलं, पाय बंद पडला तर गूगल आहे म्हणून. चूक. प्रायमरी आणि सेकंडरी या नावांनी फसायला होतं. फोन असं करत नाहीत की पहिल्याने उत्तर दिलं नाही तरच दुसऱ्याकडे जायचं, अनेक उपकरणं मनाला येईल तेव्हा कुठल्याही एकाला विचारतात. म्हणजे अर्ध्या जाहिराती अडणार आणि अर्ध्या दिसणार, आणि तुम्ही म्हणणार पाय-होल नीट चालत नाही. सेकंडरी रिकामं सोडा. काही राउटर रिकामं सोडलं की तिथे स्वतःचाच आकडा भरून टाकतात, तसं असेल तर दोन्हीकडे पायचाच आकडा टाका. खरंच बॅकअप पाहिजे असेल तर दुसरा पाय-होल लावा, दुसरा उपाय नाही.

सेव्ह केलं आणि काहीच बदललं नाही असं वाटतं, ते का तर लीज टाइम. तिथे ८६४०० लिहिलेलं असेल तर ते सेकंद आहेत, म्हणजे २४ तास. फोनकडे जुनी माहिती अजून आहे, तो नवीन विचारायला येईपर्यंत जुन्यालाच धरून बसतो. फोनचं वायफाय बंद करून चालू करा, टीव्हीचा तर प्लगच काढून परत लावा. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलुकअप (nslookup) लिहा आणि पुढे डबलक्लिक डॉट नेट (doubleclick.net). वरच्या ओळीत सर्व्हर म्हणून पायचा आकडा दिसला आणि खाली उत्तर ०.०.०.० आलं की जोडणी झाली. वर राउटरचाच आकडा दिसला तर अजून नाही.

आता गोची अशी की फायबर कनेक्शनसोबत जो राउटर फुकट लावून देतात त्यात बऱ्याचदा ही डीएनएसची जागा नसतेच, किंवा असते पण राखाडी, बोट लावता येत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर ते सांगतात राउटर रिस्टार्ट करा. वेळ घालवू नका, दोन रस्ते आहेत. एक, राउटरचं डीएचसीपी बंद करायचं आणि पाय-होलमध्ये असलेलं डीएचसीपी चालू करायचं, म्हणजे आकडे वाटायचं कामच डब्याकडे. दोन्ही एकदम चालू ठेवू नका, एका घरात आकडे वाटणारे दोघे झाले की कोणाला काय मिळालं याचा पत्ता लागत नाही. दुसरा रस्ता, स्वतःचा एक साधा राउटर घेऊन कंपनीच्या राउटरच्या मागे लावायचा, वायफाय त्याचाच वापरायचा. खर्च होतो, पण मला विचाराल तर हाच बरा, कंपनी बदलली, राउटर बदलला तरी घरातलं काही हलत नाही.

काही जण तिसराच प्रकार करतात, लॅनच्या (घराच्या आतली बाजू) ऐवजी वॅनच्या (राउटरची बाहेरच्या नेटकडची बाजू) सेटिंगमध्ये पायचा आकडा टाकतात. म्हणजे फोन राउटरला विचारणार आणि राउटर पायला. चालतं, नाही असं नाही, पण मग पाय-होलला घरात एकच माणूस दिसतो, राउटर. कुठलं उपकरण काय विचारतंय ते कळत नाही, आणि पाय-होल एका उपकरणाकडून मिनिटाला हजारच्या वर प्रश्न आले की थोडा वेळ उत्तरं थांबवतं, सगळ्या घराचे प्रश्न एकाच नावावर जमा झाले तर तीही वेळ येऊ शकते. आणि चुकून पाय-होलचा पुढचा डीएनएस म्हणून राउटरच ठेवला असेल तर झालंच, पाय राउटरला विचारतो, राउटर पायला, गोल गोल.

यानंतर उरतात गळत्या. सगळ्यात मोठी आयपीव्ही६, म्हणजे आयपी ॲड्रेसची नवी, लांब आकड्यांची पद्धत; १९२.१६८ वाले आकडे जुन्या आयपीव्ही४ चे. भारत या बाबतीत जगात फार पुढे आहे, आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ आपोआप चालू असतं. वर आपण जे काही केलं ते आयपीव्ही४ चं. आयपीव्ही६ मध्ये राउटर वेगळ्या मार्गाने फोनला सांगत राहतो की पत्ते मला विचार, आणि फोन खुशाल त्याला विचारतो, पाय-होल बाजूला बसून राहतं. सगळं नीट केलंय, एनएसलुकअप पण बरोबर दाखवतंय, तरी फोनवर जाहिराती दिसतातच, असं असेल तर नव्वद टक्के हेच कारण. राउटरमध्ये आयपीव्ही६ चा डीएनएस बदलायची सोय असेल तर तिथे पायचा आयपीव्ही६ पत्ता द्या, नसेल तर लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करून टाका. जाणकार लोक या सल्ल्यावर नाक मुरडतील, आयपीव्ही६ बंद करणं म्हणजे मागे जाणं वगैरे. बरोबर आहे त्यांचं, पण घरात कोणाला फरक जाणवत नाही.

दुसरी गळती फोनमधली. ॲन्ड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाचा पर्याय आहे, त्यात कोणी एखादा सर्व्हर टाकून ठेवला असेल तर तो फोन घरच्या डब्याला विचारणारच नाही, तिथे ऑटोमॅटिक किंवा ऑफ ठेवा. ब्राउझरमध्येही सिक्युअर डीएनएस असतं, तेही डब्याला टाळून बाहेर विचारू शकतं. फायरफॉक्सचं आणि आयफोनच्या प्रायव्हेट रिलेचं (ॲपलच्या सर्व्हरवरून नेट नेणारी सोय) पाय-होल स्वतः बघून घेतं, त्यासाठीची ठरावीक नावं ते मुद्दाम अडवतं. आणि काही टीव्ही आणि टीव्हीला लावायच्या काड्या इतक्या आगाऊ असतात की राउटर काहीही सांगो, त्या ८.८.८.८ लाच विचारतात, साध्या राउटरवर त्याला इलाज नाही.

आता काय अडणार नाही ते सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या. यूट्यूबच्या जाहिराती अडत नाहीत. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल: जाहिरात आणि व्हिडिओ एकाच नावाच्या सर्व्हरवरून येतात, पत्ता नाकारला तर व्हिडिओही गेला. इन्स्टाग्राम, फेसबुकमधल्या जाहिराती तशाच, क्रिकेटच्या लाइव्ह स्ट्रीममध्ये ओव्हरच्या मधे येणाऱ्याही बहुतेक तशाच. ब्राउझरमधला ॲडब्लॉकर पानाच्या आत बघू शकतो, डब्याला फक्त नाव दिसतं. म्हणून लॅपटॉपवरचं यूब्लॉक काढू नका, दोन्ही वेगवेगळी कामं करतात. आणि घराबाहेर मोबाइल डेटावर गेलात की डबा नाही. बाहेरूनही पाहिजे असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्डने (दोन्ही व्हीपीएनचे प्रकार) घरच्या पायला जोडता येतं, पण राउटरमध्ये डीएनएसचा ५३ नंबरचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका, कोणीही तुमच्या डब्याला वापरून तिसऱ्याच कोणावर प्रश्नांचा मारा करू शकतो.

घरातली माणसं हा वेगळाच विषय. पहिली तक्रार येते ती अशी: गूगलवर काहीतरी शोधलं, पहिल्या लिंकवर टॅप केलं, उघडतच नाही. चवथीला घर भरलेलं असतं, माटोळीखाली बसून मावशी फोनवर साडी बघत असते, आणि म्हणते तुमच्या वायफायला काय झालंय, माझ्या घरी तर उघडतं. वायफायला काही झालेलं नसतं. वरच्या दोनतीन लिंक स्पॉन्सर्ड असतात, त्या दुकानाकडे सरळ जात नाहीत, आधी गूगलच्या जाहिरात मोजणाऱ्या पत्त्यावरून जातात आणि तो पत्ता यादीत आहे. खालची साधी लिंक दाबली की तेच दुकान उघडतं, पण हे मावशीला समजावत बसण्यापेक्षा पाय-होलमध्ये ग्रुप असतात, पाहुण्यांच्या किंवा आईच्या फोनला अडवायच्या यादीतून मोकळं सोडायचं. घाईच्या वेळी डॅशबोर्डवर पाच मिनिटं बंद करायचं बटण आहेच. पोरांची तक्रार वेगळी, जाहिरात बघितली की गेममध्ये लाइफ मिळायची ती आता मिळत नाही. त्यावर मी काही करत नाही.

डॅशबोर्डवर क्वेरी लॉग नावाचं पान आहे, सुरुवातीला माणूस तिथेच रमतो. वेळ, नाव, कुठल्या उपकरणाने विचारलं, अडवलं की सोडलं. टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, सगळे झोपलेले असतात, आणि लॉगमध्ये टीव्हीच्या आकड्यासमोर ओळीमागून ओळ: कंपनीचा जाहिरात सर्व्हर, अडवला, मोजदाद सर्व्हर, अडवला, परत तोच, अडवला, परत तोच. स्टँडबायवरचा टीव्ही झोपत नाही हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. एक सांगतो, वर जो टक्क्यांचा आकडा असतो, एवढे टक्के अडवले, त्याचे स्क्रीनशॉट लोक मिरवतात, त्याला फार अर्थ नाही. पत्ता मिळाला नाही म्हणून टीव्ही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि टक्का फुगतो.

पण तोच लॉग घरातल्या प्रत्येकाचाही असतो. कॉलेजात जाणारा मुलगा रात्री कुठल्या साइटवर होता, कोणी कुठल्या हॉस्पिटलचं किंवा नोकरीचं नाव शोधलं, पाहुण्यांसकट. हे बघायचा अधिकार आपल्याला डबा लावला म्हणून मिळतो का, हा विचार मला तरी अस्वस्थ करतो. सेटिंगमध्ये प्रायव्हसी लेव्हल आहे, शून्यापासून तीनपर्यंत, तीनवर ठेवलं की नुसती गोळाबेरीज उरते, नावं नाही आणि उपकरणंही नाहीत. सेटअप चालू असेपर्यंत शून्यावर ठेवा, काय अडतंय ते बघायला लागतंच, सगळं सुरळीत झालं की वर न्या आणि जुना लॉग पुसून टाका.

आणखी एक, पेपरवाल्यांचं. आपल्याकडचे मराठी पेपर साइटवर बातम्या फुकट देतात ते जाहिरातींवरच, मग एखाद्या पेपरच्या साइटवर जाहिराती दिसू देत असं वाटणं साहजिक आहे. पाय-होलमध्ये ते करता येत नाही. डब्याला कळतं की फोनने डबलक्लिकचा पत्ता विचारला, कुठल्या पानासाठी विचारला ते कळत नाही, सोडायचं तर सगळ्यांसाठी सोडावं लागेल. त्यामुळे ज्याला वाटतं त्याने ई-पेपरची वर्गणी भरावी, मी तेच करतो.

शेवटी पावसाळा. जूनपासून लाइट येते-जाते, आणि पाय बंद म्हणजे घराचं नेट बंद, निदान घरच्यांच्या दृष्टीने. वायफायचे दांडे पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपसुद्धा कधीकधी चालू राहतं कारण त्याचं कनेक्शन आधीपासून उघडं असतं, पण नवीन काही उघडत नाही, आणि आतून हाक येते, "नेट ना रे!" राउटरला छोटा यूपीएस असेल तर पायलाही त्यावरच घ्या, ५ व्होल्टचा यूएसबी आउटपुट असलेले मिनी यूपीएस मिळतात. पाय झिरो, ३, ४ यांना स्वतःचं घड्याळ नसतं, बराच वेळ बंद राहिला की चालू झाल्यावर तारीख मागे पडलेली असते, आणि पाय-होलमध्ये डीएनएसएसईसी (आलेलं उत्तर खरं आहे का ते डिजिटल सहीने तपासायची सोय) चालू ठेवलं असेल तर सह्या जुळत नाहीत म्हणून ते सगळीच उत्तरं नाकारू शकतं, अगदी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचीही. म्हणून ते बंदच ठेवा. विजा कडकडायला लागल्या की राउटरचा प्लग काढायची सवय सगळ्यांनाच आहे, पायचाही काढा.

सेटिंगमध्ये टेलिपोर्टर आहे, त्यातून सगळ्या याद्या आणि सेटिंगची एक फाइल निघते, ती लॅपटॉपवर ठेवा, मेमरी कार्ड गेलं तर नवीन कार्डावर काम लवकर होतं. आणि तुम्ही घरी नसताना डबा मेला तर काय करायचं हे राउटरच्या वर चिकटवून ठेवा, मराठीत, मोठ्या अक्षरात: राउटरच्या पानाचा आकडा, पासवर्ड, लॅनमध्ये जाऊन प्रायमरी (आणि पायचा आकडा तिथेही भरला असेल तर सेकंडरी) डीएनएसच्या जागी ९.९.९.९ टाका, सेव्ह करा, फोनचं वायफाय बंद-चालू करा. आकडे वाटायचं कामही डब्याकडे दिलं असेल तर ही चिठ्ठी जरा लांबते, कारण आधी राउटरचं डीएचसीपी परत चालू करावं लागतं, आणि फोनला आकडाच मिळाला नसेल तर राउटरचं पानही उघडत नाही, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये १९२.१६८.१.५० (राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर १९२.१६८.०.५०) असा एखादा आकडा हाताने घालून आत शिरावं लागतं. तेही लिहा, आणि घरातल्या एकाकडून तुमच्यासमोर एकदा करून घ्या.